नाव काय म्हणालात?

संगणकाशी माझे नाते परीक्षेचे गुण भरण्यापुरते. वर्षातून दोनदा त्याच्यापुढे बसावे, रकाने भरावेत आणि कुठे चूक झाली तर विभागातल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला हाक मारावी, एवढाच आमचा व्यवहार. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडून परीक्षक म्हणून येण्याची चिठ्ठी आली, तेव्हा ती चुकून माझ्या टेबलावर पडली असावी असेच मला वाटले. मी मराठीचा प्राध्यापक. रोज सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरावे, ठाण्याला लोकांनी उतरवले की उतरावे, आणि विभक्ती, प्रयोग, समास यांचा रतीब घालून परत यावे, हा माझा वीस वर्षांचा क्रम.

पण चिठ्ठी चुकलेली नव्हती. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी प्रत्येक विभागाने मराठीतून काहीतरी करावे असे ठरले होते. इतिहासवाल्यांनी मोडीचे कागद मांडले. संगणकवाल्यांनी स्पर्धा काढली : जो समोर बसेल त्याचे नाव घेऊन त्याला मराठीतून अभिवादन करणारा, शक्य तितका आखूड प्रोग्रॅम लिहा. (सरकारी परिभाषेत प्रोग्रॅमला आज्ञावली म्हणतात. मुले म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही.) भाषा पायथन. जो सर्वांत आखूड, तो पहिला. "अभिवादन मराठी आहे की नाही एवढंच तुम्ही बघा, सर. बाकीचं मोजायला यंत्र आहे," असे विभागप्रमुखांनी मला धीर देत सांगितले.

तरीही काहीच न समजता परीक्षक व्हायचे म्हणजे जिवावरच येते. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, कल्याणच्या पारनाक्याकडून येणारी, पूर्वी माझ्या मराठीच्या तासाला बसलेली, तीही स्पर्धेत होती. तिला उपाहारगृहात गाठले आणि चहाच्या बदल्यात शिकवणी लावली.

तिने वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहून दाखवली. आधी 'प्रिंट' ही आज्ञा, म्हणजे 'दाखव'. मग कंस उघडायचा. अवतरणचिन्हांत इंग्रजी 'हॅलो', स्वल्पविराम आणि एक मोकळी जागा. मग अधिकचे चिन्ह. मग 'इनपुट' आणि त्यापुढे रिकामा कंस, म्हणजे 'समोरचा जे लिहील ते घे'. शेवटी पहिला कंस बंद. झाला प्रोग्रॅम. इंग्रजी अक्षरे, चिन्हे, मोकळी जागा सगळे धरून चोवीस.

"आता बघा हं," ती म्हणाली. तिने अधिकचे चिन्ह खोडून तिथे स्वल्पविराम घातला आणि अवतरणातली मोकळी जागा काढून टाकली. "स्वल्पविरामानं दोन गोष्टी जोडल्या की 'प्रिंट' मधे आपणहून जागा सोडतं. मग आपण कशाला सोडायची? तेवीस!"

त्या एका जागेचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मला तो ओळखीचा वाटला. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे संस्कृत पंडित पूर्वीपासून सांगत आले आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे अखेरचे सूत्र तर 'अ' हा स्वर दोनदा उच्चारून संपते. एवढ्या दोन स्वरांत काय सांगितले आहे ते समजावायला भाष्यकारांना पाने खर्ची घालावी लागली. पाणिनीचा वारस पारनाक्याला निघावा याचे मला मनातून बरे वाटले.

या खेळालाही नाव आहे. गॉल्फमध्ये जो कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालतो तो जिंकतो, तसे इथे कमीत कमी अक्षरांत काम उरकायचे. म्हणून हे 'कोड गॉल्फ'. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पर्ल या संगणकभाषेत काम करणाऱ्या मंडळींत हा शब्द रूढ झाला आणि तिथून सगळीकडे पसरला. अभिवादनाची परंपरा त्याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले ब्रायन कर्निगन यांनी १९७२ च्या सुमारास 'बी' नावाच्या भाषेचे टाचण लिहिले. त्यात जगाला 'हॅलो' म्हणणारा एक नमुना दिला. त्या भाषेत एका वेळी चारच अक्षरे एका मुठीत मावत, म्हणून बिचाऱ्या अभिवादनाचे तीन तुकडे करून ते जोडावे लागले होते. पुढे १९७८ मध्ये कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या 'सी' भाषेवरील पुस्तकात पहिलाच धडा या अभिवादनाचा आला. तेव्हापासून संगणक शिकणारा जगातला बहुतेक प्रत्येक विद्यार्थी श्रीगणेशा म्हणून हेच गिरवतो.

जगाला नमस्कार करणे सोपे आहे, ही गोष्ट मला विद्यार्थिनीने सांगितली आणि ती माझ्या मनात घर करून राहिली. २००१ साली क्लिफ बिफल या गृहस्थाने थट्टा म्हणून एक भाषा काढली. तिचे नाव 'एचक्यूनाइनप्लस'. तिच्यात एकच अक्षर लिहिले की जगाला अभिवादन पुरे. याहून आखूड काही होणे नाही. पण या भाषेला कोणाचे नाव विचारता येत नाही! तशी सोयच तिच्यात नाही. सगळ्या जगाला एका अक्षरात, पण समोर बसलेल्या एका माणसाला मात्र नाही.

नाव घेणारी आणि तरीही कंजूष अशी भाषा म्हणजे गॉल्फस्क्रिप्ट. ती या खेळासाठीच बनवलेली. तिच्यात प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच नाव आत येऊन बसलेले असते. आपण फक्त अवतरणात अभिवादन लिहायचे आणि पुढे एक तिरपी रेघ द्यायची. रेघेचा अर्थ 'या दोघांची अदलाबदल कर'. एकूण दहा अक्षरे. त्यांतली नऊ अभिवादनाची आणि त्याच्या अवतरणचिन्हांची. खरे काम एका रेघेचे.

माझ्या पिढीने तारा पाहिल्या आहेत. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले, तोवर शुभेच्छांच्या तारांची एक छापील यादी असे. दिवाळीच्या शुभेच्छा पहिल्या क्रमांकावर, विवाहाच्या आठव्या. आपण नुसता आकडा लिहायचा. पलीकडचा कारकून त्या आकड्याचे वाक्य करून देई. आकडा आखूड, कारण वाक्य पलीकडे आधीच ठेवलेले. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९६५ मध्ये एखाद्या मजकुरातली माहिती मोजायची तर तो मजकूर काढून देणारा सर्वांत आखूड प्रोग्रॅम शोधा, असे मांडले. पण तो किती आखूड होईल हे थोडेफार पलीकडच्या यंत्राला काय ठाऊक आहे यावरही ठरते. आमच्या गाडीतल्या मंडळींना हे गणिताशिवाय कळते. नऊ वर्षे एकाच डब्यात उभे राहिलेल्या माणसाला मी भुवई उचलून अभिवादन करतो. तोही उचलतो. त्याला सगळे 'मुलुंड' म्हणतात, कारण तो तिथे उतरतो. त्याचे खरे नाव मला अजून ठाऊक नाही.

तर स्पर्धा. माझ्या विद्यार्थिनीने 'हॅलो' च्या जागी 'नमस्कार' घातले, बाकी ओळ तीच. नमस्कारात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हे. हॅलोत इंग्रजी अक्षरे पाच. तेव्हा तेवीसचे पंचवीस व्हावेत. पण यंत्राने मोजून दाखवले : एकोणचाळीस!

मी म्हटले, यंत्र चुकले. यंत्र चुकले नव्हते. या खेळात अक्षरे मोजत नाहीत, बाइट मोजतात, म्हणजे ती साठवायला लागणारी घरे. इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. काना, मात्रा, पाय मोडलेल्या अक्षराचा पाय, अनुस्वाराचे टिंब, प्रत्येकाला तीन. सात त्रिक एकवीस.

हे असे का, याची कथा रंजक आहे. १९९२ च्या सप्टेंबरात केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक हे दोघे न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असता टॉम्प्सन यांनी ताटाखालच्या कागदावर जगातल्या सर्व लिप्या साठवण्याची रीत आखली. टॉम्प्सन म्हणजे वर सांगितलेल्या 'बी' भाषेचे जनक. रीत अशी : प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहेच. लहान क्रमांक एका घरात बसवायचे, त्याहून मोठे दोन घरांत, त्याहून मोठे तीन घरांत. दोन घरांत मिळून सोळा खाचा असतात. त्यांतल्या पाच 'आम्ही दोघे एकत्र आहोत' ही खूण करण्यात जातात. उरतात अकरा. अकरा खाचांत २०४७ पर्यंतचेच आकडे मावतात. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी या लिप्या त्या आत बसल्या. देवनागरीचा क्रमांक सुरू होतो २३०४ पासून. थोडक्यात गाडी चुकली म्हणायची. फलाटावर आपण पोचलो आणि दिवा लोकल हलली.

यात कोणाचा दुष्टावा नाही, हे मान्य. जगातल्या सगळ्या लिप्या एका कागदावर नांदू लागल्या याचे मोल तिप्पट घरांहून कितीतरी मोठे आहे. आज माझी आई फोनवर मराठीत निरोप लिहिते तो याच रितीच्या कृपेने. पण एके काळी आपल्याकडे दुसरी सोयही होती. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या कामातून भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतपद्धती घडली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एकच घर. नमस्कार सात घरांत. मात्र ती पद्धत आपल्यापुरती होती. जगाशी बोलताना ती मागे पडली. एकोणचाळीसचा आकडा पाहून विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, "म्हणजे सर, मराठीत नमस्कार करायचा तर महागच पडणार."

महाग पडतो म्हटल्यावर मुलांनी स्वस्त शोधायला सुरुवात केली. 'नमस्ते' अठरा. 'राम राम' मधली जागा धरून एकोणीस. मानपाडा रोडकडच्या एका हुशार पोराने सगळ्यांवर मात केली. त्याने अवतरणात एकच अक्षर लिहिले : 'ए'. तीन घरे. सबंध प्रोग्रॅम वीस घरांत. आपण कोणाला हाक मारताना म्हणतोच ना, 'ए गणेश'? मग हे अभिवादन नव्हे काय? आणि ते मराठी नव्हे काय?

आता माझी पाळी होती. 'ए' मराठी आहे याबद्दल वाद नव्हता. तो हाक आहे की अभिवादन, यावर मी दहा मिनिटे बोललो. संबोधनाला विभक्ती मानावे की नाही यावर वैयाकरणांत मतभेद आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चाही मी उल्लेख केला. मुले माझ्याकडे पावसात अडकलेल्या गाडीकडे पाहावे तशी पाहत होती. त्या पोराने नम्रपणे विचारले, "सर, 'ए' च्या जागी 'ओ' घालू का? घरं तेवढीच."

घरे खरोखर तेवढीच! मी घरी येऊन रात्री कागदावर मांडणी करत बसलो. 'अरे' नऊ घरे. 'अगं' नऊ. 'अहो' नऊ. नावापुढचे 'राव' नऊ, 'ताई' ही नऊ. ज्यावरून आपल्याकडे सोयरिकी मोडल्या, पंक्तीतून लोक उठून गेले, त्या भेदाचे वजन यंत्राच्या तागडीत शून्य. कोणते नऊ उचलायचे हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण समोर कोण बसले आहे ते त्याला दिसत नाही. इंग्रजीत बसलेल्या माणसाला 'हॅलो' म्हटले की भागते. मराठीत नाव विचारतानाच पंचाईत : 'तुझे' म्हणायचे, 'तुमचे' की 'आपले'? सत्तर वर्षांच्या आजीबाई बसल्या आणि यंत्राने नुसते 'नमस्कार, मालती' म्हटले तर तो नमस्कार झाला की उद्धटपणा?

आपल्या बायकांनी हा प्रोग्रॅम फार पूर्वी लिहून ठेवला आहे, असे मला त्या रात्री वाटले. उखाण्यांच्या त्या पातळ पुस्तिका आठवा. दोन ओळी यमकाच्या, आणि मधे टिंबांची एक रेघ. टिंबांच्या जागी ज्याचे त्याचे नाव घालायचे. अगदी पायथनचाच रिकामा कंस! पण टिंबांपुढे 'राव' छापलेलेच असते. ते छापता येते, कारण रिकाम्या जागी कोण येऊन बसणार हे पुस्तिकेला ठाऊक आहे : नवरा. आणि तिथे लांबी हा दोष नव्हे. एरवी ज्याचे नाव तोंडातून काढायचे नाही, ते नाव एकदा घ्यायचे म्हणून तर दोन ओळींची वाट वाकडी करायची.

निकालाच्या दिवशी प्रयोगशाळेत गर्दी होती. 'ए' चा प्रोग्रॅम पडद्यावर लावला होता. कोणा त्रयस्थाकडून चालवून पाहावा म्हणून विभागप्रमुखांनी दाराशी चहाचे कप गोळा करत असलेल्या मामांना बोलावले. मामा म्हणजे आमचे शिपाई. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. महाविद्यालयात त्यांना मुले मामा म्हणतात, आम्ही मामा म्हणतो, प्राचार्य मामा म्हणतात. रागावले की काही जण नुसते 'ए' ही म्हणतात.

मामा खुर्चीवर बसायला तयार होईनात. उभ्यानेच वाकून पाहू लागले. कळफलकावर माझी विद्यार्थिनी होती. "मामा, नाव सांगा," ती म्हणाली.

मामा सरळ उभे राहिले आणि त्यांनी नाव सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. हजेरीपटावर असते तसे, थांबत थांबत, शुद्ध. तिने ते तसेच लिहिले आणि कळ दाबली. पडद्यावर 'ए' उमटले, आणि त्यापुढे ते तीन शब्दांचे लांबलचक नाव.

खोलीत कोणी तरी हसले, मग थांबले. मामांनी पडद्याकडे पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले, "यालाबी ठाऊक आहे म्हणायचं." आणि कप उचलू लागले.

मी वीस वर्षे त्या इमारतीत आहे. मामांच्या वडिलांचे नाव मला त्या दिवशी प्रथम कळले. आडनावसुद्धा, खरे सांगायचे तर.

पहिले बक्षीस 'ए' लाच दिले. नियम आधी जाहीर झाला होता. तो पोराने पाळला होता. नंतर पोटात कालवले म्हणून नियम बदलणे मला मास्तरकीत बसत नाही. विभागप्रमुखांनी पुढच्या वर्षी घरांऐवजी अक्षरे मोजू असे कबूल केले आहे. तसे झाले तर 'नमस्कार' आणि 'हॅलो' यांत फरक दोनाचाच राहील. पोरगा बक्षीस घ्यायला पुढे आला तेव्हा त्याचा चेहरा मात्र जिंकलेल्याचा नव्हता. त्याने माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहिले.

सगळे पांगल्यावर विद्यार्थिनी मागे राहिली. तिने आपल्या एकोणचाळीस घरांच्या ओळीतला रिकामा कंस भरला. त्यात अवतरणात लिहिले, 'काय म्हणू?'. प्रोग्रॅम आता नाव विचारत नव्हता. तुम्हाला काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा, असे विचारत होता. राव, ताई, मामा, काका, सगळे प्रश्न ज्याचे त्याच्यावर सोपवून तो मोकळा. यंत्राने मोजले : सदुसष्ट. स्पर्धेत असता तर शेवटून पहिला आला असता.

दिव्यांची बटणे बंद करायला मामा आले, तेव्हा तिने त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी ते खुर्चीच्या टोकावर बसले. पडद्यावरचा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी तिच्या कानाशी काहीतरी सांगितले. तिने लिहिले, कळ दाबली.

नमस्कार, स्वल्पविराम, आणि मामांचे पहिले नाव. नावापुढे 'राव'. आडनाव नव्हते, वडिलांचे नाव नव्हते.

"याचा कागद निघतो का, पोरी?" मामांनी विचारले.

छपाईयंत्रातली शाई संपली होती, ती अजून आलेली नाही. मी वहीतले पान फाडले आणि ते वाक्य माझ्या हाताने, जरा मोठ्या अक्षरात, लिहून दिले. मामांनी घडी घालून ते खिशात ठेवले आणि दिवे मालवले.